काय शाबूत आहे

प्रिय फ्यूज,

पाकीट पाहून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा सोडला तर कुणाचं काही दुखत नाही, आणि तो दुखतो म्हणून जिन्याच्या सगळ्या खेपा माझ्या वाट्याला आल्या आहेत, त्यामुळे माझी तब्येत उलट सुधारली आहे. पत्र छापील आहे म्हणून मी ते कुणाकडून लिहून घेतलं असंही समजू नकोस. तुझ्या आईच्या फोनवर एका बोटाने मीच टाइप केलंय, गेले पाच दिवस, दुपारी ती शिवणाच्या शिकवणीला बसली की. फोन मध्येच आपल्या मनाने शब्द बदलतो आणि मी ते पुन्हा जागेवर आणतो, असं आमचं चाललंय. तेव्हा एखादा शब्द भलताच दिसला तर दोष त्याचा.

हे सगळं फोनवर का सांगितलं नाही, असं विचारशील. अरे, फोनवर आपण दोघं बोलतो किती? दर रविवारी तुझा फोन येतो, मी उचलतो, तू विचारतोस बरे आहात ना, मी म्हणतो हो, तू कसा, तू म्हणतोस मीही बरा, आणि मग मी म्हणतो, आईला देतो. अकरा वर्षं हेच. आईशी तू तासभर बोलतोस. ती फोनचा स्पीकर चालू ठेवते आणि मी शेजारी बसून तुझं हसणं ऐकतो. स्पीकर कुणासाठी चालू असतो हे आम्ही दोघंही बोलून दाखवत नाही. या काळात तू चार वेळा येऊन गेलास. सूनबाई आली, आमची व्हॉल्यूम आली (हे नाव तिच्या आईला अजून पटलेलं दिसत नाही, पण पोरगी रडायला लागली की तिसऱ्या घरात ऐकू जातं, त्याला मी काय करू). तुम्ही सगळे फार चांगले वागता. पाहुण्यांसारखे चांगले वागता, आणि तेच मला सलतं. मुलगा स्वतःच्या घरी पाहुण्यासारखा वागायला लागला की बापाने समजावं, कुठेतरी वायर तुटली आहे. ती कुठे तुटली हे मला पक्कं माहीत आहे, असं मी अकरा वर्षं धरून चाललो होतो.

असो. मुद्द्यावर येतो, म्हणजे आईच्या गुडघ्यावर. डॉक्टरने तिला जिना बंद केला. तिची शिकवणी वरच्या खोलीत, आणि प्रिंटर खाली दुकानात. तोच, तू हट्टाने आणायला लावलेला, बिलं छापायला म्हणून. तू गेल्यापासून त्याला कॉम्प्युटर उरला नाही, त्यामुळे तो नुसता झेरॉक्स काढतो. गल्लीतल्या पोरांचे दाखले, म्हाताऱ्यांची रिपोर्टं, एवढंच. आता शिकायला येणाऱ्या बायका कॉलरचे आणि बाह्यांचे नमुने आईच्या फोनवर पाठवतात, आणि तिला ते कागदावर हवे असतात. एकदा ती मला म्हणाली, "जन्मभर वाऱ्यावरची गाणी लोकांच्या घरात आणून दिलीत, आणि एक कागद तुम्हाला वरून खाली पाठवता येत नाही?" झोंबलं मला. वर तिची दुसरी मागणी, फोनवरची गाणी मोठ्या स्पीकरवर लागली पाहिजेत, कारण फोनचा आवाज डबीत माशी अडकल्यासारखा येतो. मोठा स्पीकर म्हणजे आपला. तू आठवीत असताना आपण दोघांनी फळ्या कापून केलेला, ज्याच्या तोंडावर आईच्या परकराचं उरलेलं कापड ताणून बसवलंय. कोपरा तू उलटा कापला होतास आणि मी तो सरळ केला असं सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे उलटा मीच कापला होता.

बाजारात या दोन्ही कामांसाठी नवी यंत्रं मिळतात, एक छापतं, एक गातं. पण घरात सामानाची तीन खोकी असताना नवं आणायचं म्हणजे माझ्या आयुष्यभराच्या बोलण्यावर बोळा फिरवायचा. तुला माझ्या चिठ्ठ्या आठवत असतील. पुठ्ठ्याचा तुकडा आणि आईच्या शिवणाचा दोरा. दुकानात साठणाऱ्या प्रत्येक मोडक्या वस्तूला एक चिठ्ठी बांधलेली, आणि तिच्यावर बिघाड कधीच लिहायचा नाही. बिघाड काय, गिऱ्हाईक सांगतंच, आणि त्याने नाही सांगितला तर वस्तू स्वतः सांगते. चिठ्ठीवर लिहायचं ते, शाबूत काय आहे. 'मोटर चांगली.' 'आवाज देतो, उजेड देत नाही.' 'फक्त बटणं.' सहा वर्षांचा असताना तू कुठून तरी पडून दोन्ही गुडघे फोडून आलास, आणि येताना गळ्यात चिठ्ठी अडकवून आलास, 'हात चांगले. डोकं चांगलं.' हसू आवरेना म्हणून मी टेबलाखाली काहीतरी शोधायचं नाटक केलं. त्याच्या आदल्याच वर्षी आईची इस्त्री, पंखा आणि माझी सोल्डरिंगची काडी एकाच प्लगवर लावून तू अख्ख्या इमारतीला अंधारात बसवलं होतंस आणि फ्यूज हे नाव कमावलं होतंस.

माझी एक वाईट खोडही तुला आठवत असेल. एका यंत्राची वायर दुसऱ्याला, दुसऱ्याचा प्लग तिसऱ्याला. याची टोपी त्याच्या डोक्यावर. काम अडलं की हाताला येईल ते उपटायचं, मग परत लावू म्हणायचं आणि विसरायचं. आई म्हणायची, एक दिवस तुम्ही माझ्या शिलाई मशीनचा पट्टा काढून कुणाच्या तरी टेपला लावाल. एकदा लावला होता. तिला अजून माहीत नाही. हे तिच्याच फोनवर लिहितोय हे आत्ता लक्षात आलं, पण राहू दे, या वयात काय बोलेल.

तर खोकी उतरवायला डायलटोनला बोलावलं. टेलिफोन खात्यातला आपला लाइनमन, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी तोंडाने अखंड 'हूं' चालू असतं त्याचं. पहिल्या खोक्यात एक राउटर निघाला, इंटरनेटवाल्याने बदलून दिल्यावर मी ठेवून घेतलेला. चिठ्ठी: 'सिग्नल देतो. एक शिंग तुटकं.' डायलटोन खूश झाला. दुसऱ्यात जुना अँप्लिफायर, 'डावी बाजू उत्तम, उजवी बरी.' आता या सगळ्यांच्या मध्ये बसून कागद आणि गाणी दोन्ही सांभाळील असा एक कॉम्प्युटर हवा होता. तो कुठे आहे हे मला माहीत होतं. सगळ्यांत वरच्या फळीवर, चादरीत गुंडाळलेला, तुझा. डायलटोनने गाठ सोडली आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली, 'चालतो. हात लावू नये.' माझ्याकडे पाहिलं. माझ्या चाळीस वर्षांच्या चिठ्ठ्यांमध्ये हुकूम असा या एकाच चिठ्ठीवर आहे. तू गेल्यावर आठव्या दिवशी मी ती लिहिली होती. मी म्हटलं, लाव हात.

त्या वेळचं आपण कधी बोललो नाही, तर आज बोलू. पाटी मी तुला न विचारता रंगवून आणली. जुन्या नावापुढे निळ्या अक्षरांत 'आणि चिरंजीव'. रंगाऱ्याने 'चि'ची वेलांटी एवढी झोकदार काढली होती की मी रस्त्याने येताना ती पाटी लोकांना दिसेल अशी धरून आणली. दुकानाच्या दारात तू उभा होतास आणि तुझ्या खिशात त्या इस्पितळाचं पत्र होतं, मोठी तपासणी यंत्रं सांभाळायचं शिक्षण आणि पुढे नोकरी. तेही तू मला न विचारता मिळवलं होतंस. एका दारात दोन न विचारलेल्या गोष्टी मावल्या नाहीत. तू म्हणालास, "तुम्हाला मुलगा नकोय बाबा, स्पेअर पार्ट हवाय." आणि मी म्हणालो, "मग जा. तुझ्यावाचून इथे काही अडत नाही." रंगाचा वास अजून ओला होता. त्यानंतर नऊ दिवस आपण एका घरात राहून एकमेकांशी बोललो नाही. आईने मधल्या मधे निरोप नेऊन नेऊन शेवटी जाहीर केलं की मी काही टेलिफोन खातं नाही.

आणि मग तू निघालास ती सकाळ. माझा दिनक्रम तुला पाठ आहे. सहाला खाली यायचं, शटर अर्धं वर करायचं, रेडिओ पूर्ण लावायचा, आणि मग झाडू हातात घ्यायचा. समोरचा पाववाला माझ्या रेडिओवर घड्याळ लावायचा. त्या सकाळी मी रेडिओ लावला नाही. का लावला नाही, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या आईलासुद्धा. आपला जिना लाकडी. रेडिओ चालू असला की त्यावरची पावलं ऐकू येत नाहीत. मी स्टुलावर बसून तुझी पावलं ऐकत होतो. ठरवलं होतं, तू दुकानाच्या दाराशी आलास की पाटीचं चुकलं म्हणून सांगायचं. शब्दही जुळवून ठेवले होते, चारच होते. तू उतरलास. शेवटच्या पायरीवर बराच वेळ थांबलास. माझ्या हातात एक स्क्रूड्रायव्हर होता, तो मी उगीचच घट्ट धरून ठेवला होता. मग बाहेरचं दार वाजलं. अर्ध्या शटरखालून मला तुझे बूट दिसले, बॅगेची चाकं दिसली, त्यांच्या मागे आईच्या चपला. ती तुला गाडीपर्यंत सोडायला निघाली होती. बूट थांबले नाहीत. मुलगा बापाला न भेटता गेला, हे मी त्या दिवशी मनात लिहून घेतलं, आणि चिठ्ठीच्या बाबतीत स्वतःचाच नियम मोडला, कारण लिहिला तो नुसता बिघाड. तेव्हापासून तू येणार असलास की त्या दिवशी मी सकाळपासून रेडिओ लावत नाही. पावलं ऐकायची सवय लागली.

आता कामाचं. मंगळवारी दुपारी तुझा कॉम्प्युटर दुकानाच्या टेबलावर ठेवला. डायलटोनचं म्हणणं, आतलं सगळं पुसून टाकू आणि नवीन भरू, हलका होईल. मी म्हटलं, थांब. माझ्याकडे वस्तू आली की आधी तिचं काय शाबूत आहे ते पाहायचं, मग हात घालायचा. यावरून आमची अर्धा तास हुज्जत झाली. शेवटी दुकान माझं असल्यामुळे मी जिंकलो. मग जिथली वायर तिथे लावली. प्रिंटरची ती लांब वायरसुद्धा, जिच्यासाठी तू वरच्या खोलीच्या जमिनीला भोक पाडून आईच्या शिव्या खाल्ल्या होत्यास. म्हणजे तेव्हा कॉम्प्युटर तुझ्या खोलीत, प्रिंटर खाली माझ्याजवळ. ते भोक अजून आहे. आई त्यातूनच मला चहाला हाक मारते. बटण दाबलं, पंखा खोकला आणि सुरू झाला. आतल्या घड्याळाचा सेल मेला होता, त्यामुळे तो स्वतःला तू विकत आणलास त्याच वर्षात समजत होता. मला त्याचा थोडा हेवा वाटला. डायलटोन आणखी एक वायर आणायला घरी गेला. मी एकटाच होतो. कशाला हातही लावला नव्हता आणि प्रिंटर आपणहून गुरगुरला, दिवा हिरवा झाला, आणि त्याने एक कागद ओढून घेतला. एकच. डायलटोन परत आला तोवर तो माझ्या खिशात होता. काय छापलं म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, चाचणीचा कागद. त्या कागदाचं शेवटी सांगतो, आधी काम पुरं करतो, नाहीतर म्हणशील बाबा नेहमीसारखे अर्धं टाकून उठले.

त्यापुढचं सगळं तुझ्या आईने केलं. खरं सांगतो. आम्ही दोघं तज्ज्ञ खाली बसून एकमेकांच्या चुका काढत होतो, आणि ती वर फोनवर कृती उघडून भोकातून एकेक पायरी वाचत होती. प्रिंटर सगळ्यांना वापरू द्यायचा का, तिथे हो म्हणा. त्याला नाव द्या. द्या म्हणजे द्या, पुढे काय होतंय ते मी सांगते. डायलटोन मधेच दोन पायऱ्या गाळायला निघाला तर वरून आवाज, ब्लाउज बेतताना बाही आधी जोडून पाहा एकदा, मग कळेल. संध्याकाळी पाचला तिने वर बसून फोनवर बोट ठेवलं आणि खाली कॉलरचा नमुना छापून आला. मी तो घेऊन जिना चढलो. तिने पट्टी लावून मोजला, तंतोतंत होता. तिने नुसती मान हलवली, पण शिकवणीच्या बायकांना त्या दिवसापासून ती हे यंत्र दाखवते आहे आणि माझं नाव तिसरं घेते.

गाण्यांनी मात्र दोन दिवस घेतले. कॉम्प्युटर गाणी घ्यायला लागला, अँप्लिफायरमधून आपल्या स्पीकरवर आलीही, पण पाठीमागे घुम्म असा आवाज. डायलटोन म्हणे प्रोग्रॅम बिघडला. मी म्हटलं, हा आवाज मी तुझ्या प्रोग्रॅमच्या जन्माआधीपासून ओळखतो, अर्थिंग दोन ठिकाणी झालंय. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावरच्या प्लगला लावली आणि घुम्म गेलं. त्या क्षणी, अरे, मी पंचवीस वर्षांचा झालो होतो. फक्त एक मला रुचत नव्हतं. फोनवर बोट ठेवलं की गाणं लगेच लागत नाही, दोन-तीन सेकंद शांतता, मग सुरू. रेडिओ कसा, बटण फिरवलं की बोलला. डायलटोनने समजावलं की ते आधी थोडं आत भरून घेतं आणि मगच बोलतं, म्हणजे मधे अडखळत नाही. आई वरून म्हणाली, काही माणसंही तशी असतात, भरून घेतात आणि बोलतच नाहीत. मी अडखळत का होईना, पण आता बोलतो.

तो कागद तुझा होता. तू जायच्या आदल्या संध्याकाळी वरच्या खोलीत बसून मला लिहिलेलं पत्र. तू छाप म्हणून सांगितलंस, कॉम्प्युटर बंद केलास आणि समजलास की खाली दुकानात कागद पडला असणार, बाबा सकाळी सहाला जातील आणि वाचतील. तुझी लहानपणापासूनची सवय, बटण दाबलं की काम झालं. पण खाली प्रिंटरला वीजच नव्हती. त्या दुपारी बँडवाल्याचा अँप्लिफायर दुरुस्तीला आला होता, त्याची वायर जळलेली, आणि मी हाताला आली ती वायर उपटून त्याला लावली. ती प्रिंटरची होती. बँडवाला अँप्लिफायरबरोबर वायरही घेऊन गेला. मला ते चौथ्या दिवशी कळलं आणि मी बँडवाल्याला शिव्या दिल्या. कॉम्प्युटर तर मी त्यानंतर उघडलाच नाही, हुकूम लिहून फळीवर चढवला. आणि त्याने इमानाने तुझं पत्र सांभाळून ठेवलं, प्रिंटर भेटेपर्यंत. डायलटोनचं ऐकून मी आधी पुसून टाकलं असतं तर आज मी हे लिहीत नसतो. तुला तुझे शब्द आठवत असतीलच, तरी मी ते इथे उतरवतो, कारण मला पाठ झाले आहेत. 'बाबा, समोर उभे राहिलो की आपण भांडतो, म्हणून छापतोय. स्पेअर पार्ट म्हणालो ते मनातलं नव्हतं. मी दुरुस्तीच करायला चाललोय, फक्त यंत्रं वेगळी आहेत, आणि ती मी तुमच्यासारखीच करीन. उद्या निघताना मी शेवटच्या पायरीवर थांबेन. तुमचा राग गेला असेल तर रोजच्यासारखा रेडिओ लावा. ऐकला की मी आत येईन. नाही लागला तर समजेन, आणि तुम्हाला त्रास न देता जाईन.'

तीन दिवस मी तो कागद खिशात घेऊन हिंडलो. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. चौथ्या दिवशी आईसमोर ठेवला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला आणि मग मला जे सांगितलं ते मला अकरा वर्षं माहीत नव्हतं. म्हणाली, "तो आला की कोपऱ्यावर थांबतो. चारही वेळा मी खिडकीतून पाहिलंय. मला वाटायचं दमला असेल." त्या पहिल्या सकाळीही तू कोपऱ्यावर थांबला होतास, बुटाची नाडी सुटली म्हणून तिला सांगितलंस, आणि नाडी तर सुटलेली नव्हती. म्हणजे दर खेपेला तू तिथे उभा राहून रेडिओ लागलाय का ते ऐकत होतास, आणि इथे मी तुझी पावलं ऐकायला मिळावीत म्हणून तो बंद करून बसलेला. एवढी साधी गोष्ट, आणि चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ बोलते करणाऱ्या माणसाला ती कळली नाही. मी खूप रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. आणि ती पाटी मी टाकून दिली असं तू समजतोस. टाकली नाही. तू ज्या टेबलावर चार वेळा चहाचा कप ठेवलास, ज्यावर आता तुझा कॉम्प्युटर आहे, त्याची वरची फळी म्हणजे तीच पाटी आहे, अक्षरं खाली करून ठोकलेली. खाली वाकून पाहशील तर वेलांटी दिसेल. ती पुन्हा दारावर लावायची नाही, तेवढं मी शिकलो. पण अक्षरं शाबूत आहेत.

तर हे पत्र एवढ्यासाठी की तू मला काही विचारलं होतंस आणि त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. तू छापून विचारलंस, म्हणून मीही छापूनच देतोय. आई वर झोपली आहे, मी खाली बसून हे छाप म्हणून सांगणार आहे, आणि कागद हातात येईपर्यंत जागचा हलणार नाही. राग त्याच सकाळी गेला होता, पोरा, तू जिना उतरायच्या आधीच. ते चार शब्द असे होते, 'पाटीचं माझं चुकलं, बाळा.' कॉम्प्युटरची चिठ्ठी मी बदलली आहे, आता तिच्यावर लिहिलंय, 'छापतो, गातो. निरोप उशिरा देतो, पण देतो.' अठरा तारखेला सगळे येताय असं आईकडून कळलं. त्या दिवशी सकाळपासून मोठा स्पीकर दुकानाच्या दारात असेल, तोंड रस्त्याकडे करून, आणि आई वरून फोनवर बोट ठेवून बसेल. कोपऱ्यावर तुला ऐकू येईल, व्हॉल्यूमलाही येईल. आणि समज, नाही आलं. वीज गेली असेल, तुटक्या शिंगाने दगा दिला असेल, मी पुन्हा कशाची तरी वायर कशाला तरी लावली असेल, काय वाटेल ते झालं असेल. रेडिओ लागलेला नसला तरी तू आत ये.

तुझाच,
बाबा